वेगवान न्यूट्रॉनांची भट्टी व तिचें सरपण

गेल्या माघ महिन्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरीं भेटावयास आली. ती आतां स्वतः एका विद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते, तिचीं मुलें कॉलेजांत जाऊं लागलीं आहेत. तरी माझ्या दृष्टीपुढें ती अजून तिसऱ्या बांकावर वेण्या घालून बसलेलीच आहे. चहापाणी झाल्यावर तिनें पिशवींतून एक पिवळी पडलेली वही काढून माझ्यापुढें ठेविली व म्हणाली, "गुरुजी, माझा अर्धा गुण तुमच्याकडे येणें आहे."

वही माझ्याच हातची तपासलेली. माझा विषय संस्कृत. परंतु त्या वर्षीं शास्त्राचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळें तो तासहि माझ्या गळ्यांत पडला होता. ‘अणुशक्ति’ या निबंधांत या मुलीनें लिहिलें होतें कीं, कांहीं अणुभट्ट्या जेवढें इंधन जाळतात त्याहून अधिक इंधन निर्माण करतात. त्या वाक्यावर माझी तांबड्या शाईची रेघ होती, आणि समासांत शेरा होता : ‘अशक्य. शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम पाहावा.’ नियम बरोबर होता. शेरा मात्र चूक होता. ती गेल्यावर मला रात्रभर चैन पडलें नाहीं. शिक्षकाच्या चुकीचें वाईट हें कीं, ती चाळीस मुलांच्या डोक्यांत एकदम उतरते, आणि मागाहून पुसावयास तीं मुलें पुन्हां एका वर्गांत सांपडत नाहींत. म्हणून गेले कांहीं महिने मिळेल तें वाचून, आणि न समजेल तें तिलाच विचारून, या भट्टीचा जो कांहीं बोध झाला तो वाचकांपुढें ठेवीत आहें. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. तेव्हां येथें बीजगणिताची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

खाणींतून निघणारें युरेनियम एकजिनसी नसतें. त्याच्या दर हजार परमाणूंपैकीं अवघे सात परमाणु २३५ भाराचे असतात, आणि बाकीचे ९९३ परमाणु २३८ भाराचे. न्यूट्रॉनाचा धक्का लागतांच फुटून उष्णता देणारे ते हे सात. उरलेले बहुतेक सारे न्यूट्रॉन गिळून स्वस्थ बसतात. पण हें स्वस्थ बसणें वरवरचें आहे. २३८ भाराच्या परमाणूनें एक न्यूट्रॉन गिळला कीं तो २३९ भाराचा होतो. मग कांहीं मिनिटांत त्याचें नेपच्यूनियम होतें व कांहीं दिवसांत प्लुटोनियम होतें. आणि प्लुटोनियम हें २३५ भाराच्या युरेनियमाइतकेंच, किंबहुना अधिकच चांगलें जळतें.

पावसाळ्यांत ज्यांच्या घरीं चूल पेटत असे त्यांना हें समजावयास वेळ लागणार नाहीं. आमची आजी ओलें सरपण चुलीच्या मागें व दोहों बाजूंस रचून ठेवीत असे. सुक्या लांकडाची आंच स्वयंपाकास लागे, आणि त्याच आंचेनें शेजारचें ओलें लांकूड वाळून दुसऱ्या दिवशीं जळणाजोगें होई. एका मोळीच्या आंचेवर जर सव्वा मोळी वाळली, तर जळणाजोग्या लांकडाचा सांठा वाढला असें म्हणण्यास कोणती हरकत आहे ? लांकूड कांहीं शून्यांतून उत्पन्न झालें नाहीं. ओल्याचें सुकें झालें इतकेंच. शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम अबाधित राहिला. ९९३ परमाणु हें ओलें सरपण, आणि तें वाळविणारी आंच म्हणजे न्यूट्रॉन.

आतां प्रश्न असा कीं, आंच पुरेल काय ? हा हिशेब मोठा तंगीचा आहे. प्लुटोनियमाच्या एका परमाणूनें एक न्यूट्रॉन गिळला म्हणजे त्यापासून किती नवे न्यूट्रॉन हातीं येतात तें पाहावें. त्यांतील एक पुढचा परमाणु फोडण्यासाठीं खर्चीं पडणार, नाहींतर भट्टीच विझेल. दुसरा ओल्या परमाणूचें सुकें करण्यास पाहिजे, नाहींतर सांठा घटेल. शिवाय कांहीं पोलादांत मुरणार, कांहीं बाहेर निसटणार. म्हणजे दोनांहून बऱ्यापैकीं अधिक न्यूट्रॉन मिळाले तरच संसार वाढता राहील. नेहमींच्या अणुभट्टींत पाण्याच्या योगानें न्यूट्रॉनांची गति मुद्दाम मंद करतात, कारण मंद न्यूट्रॉन परमाणूला सहज सांपडतो. परंतु मंद न्यूट्रॉनाबद्दल प्लुटोनियम जेमतेम दोनांहून किंचित् अधिक परत करतें. गळतीला कांहीं उरत नाहीं. तोच न्यूट्रॉन जन्मतःच्या वेगानें आदळला तर परतावा सुमारें अडीच होतो. हा वरचा अर्धाच काय तो या भट्टीचा सारा आधार. आम्हीं कापलेला गुणहि अर्धाच होता, हा योगायोग माझ्या विद्यार्थिनीच्या नजरेंतून सुटला नाहीं.

हें केवळ कागदावर राहिलें नाहीं. अमेरिकेंत आयडाहोच्या वैराण पठारावर वॉल्टर झिन यांच्या देखरेखीखालीं बांधलेल्या एका लहान भट्टीनें २० डिसेंबर १९५१ रोजीं विजेचे चार दिवे पेटविले. अणुशक्तीपासून उपयोगाची वीज निघाली ती प्रथम तेथें. आणि १९५३ सालीं त्याच भट्टींतील इंधनाची तपासणी करून शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, जळालेल्या प्रत्येक परमाणूमागें जवळजवळ एक नवा जळण्याजोगा परमाणु तयार झाला आहे. मी तांबडी शाई चालविली त्याच्या कितीतरी वर्षें आधीं हें सिद्ध होऊन चुकलें होतें.

वेग राखावयाचा असें एकदां ठरलें कीं भट्टीचें सारें घर त्या एका अटीवर बेतावें लागतें. न्यूट्रॉनाची गति सर्वांत जास्त मारतो तो हायड्रोजन; म्हणून पाणी वर्ज्य. वेगवान न्यूट्रॉन परमाणूला हुकवून जाण्याचा संभव फार. म्हणून इंधन चांगलें सकस पाहिजे. साध्या भट्टींत शेंकडा पांचाच्या आंत जळणारा अंश असला तरी भागतें. येथें शेंकडा वीस-पंचविसांपर्यंत प्लुटोनियम घालावें लागतें. असें महाग इंधन पसरून ठेवणें परवडत नाहीं, म्हणून गर्भ लहान व गच्च. तामिळनाडूंत कल्पक्कम येथें बांधलेल्या ५०० मेगावॅट विजेच्या भट्टीचें उदाहरण घ्या. तिचा इंधनगर्भ उंचीला एक मीटर व रुंदीला सुमारें दोन मीटर. म्हणजे आकारमान तीन घनमीटरांच्या आसपास, जुन्या वाड्यांतील कोठीच्या खोलीचा एखादा कोपरा. तेवढ्यांतून १२५० मेगावॅट उष्णता सतत बाहेर काढावयाची आहे.

हें काम पाण्यावांचून कोण करणार ? येथें सोडियम पुढें येतें. तें ९८ अंशांवर वितळतें व ८८३ अंशांपर्यंत उकळत नाहीं, त्यामुळें त्याला दाबाखालीं कोंडावें लागत नाहीं. उष्णता तें धातूच्या धर्मानें चटकन् उचलतें, आणि न्यूट्रॉनाच्या वेगास फारसा अडथळा करीत नाहीं. कल्पक्कमच्या भट्टींत तें ३९७ अंशांवर गर्भांत शिरतें आणि ५४७ अंशांवर बाहेर पडतें. दुर्गुणहि तितकेच मोठे : हवेंत पेटतें, पाण्याशीं त्याचें हाडवैर, आणि वितळलेल्या सोडियमांतून आरपार कांहीं दिसत नसल्यामुळें इंधनाच्या जुड्या अंधारांत चांचपावें तशा बदलाव्या लागतात. जपानांत मोंजू येथील भट्टींत ८ डिसेंबर १९९५ रोजीं नळांतील तापमापकाचें आवरण मोडून सोडियम गळलें व पेटलें. त्या अपघातांत इंधनाचा कांहीं अपराध नव्हता, तरी ती भट्टी पुन्हां नीटशी चाललीच नाहीं आणि २०१६ सालीं ती कायमची बंद करण्याचें ठरलें. हें ओझें पत्करूनच पुढें जावयाचें असतें.

गर्भाची रचना मला तरी मधमाशांच्या पोळ्यासारखी वाटली. पोलादाच्या अवघ्या ६.६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांत इंधनाच्या वड्या भरतात. अशा २१७ सळयांची एक जुडी षट्कोनी पेटींत बसवितात, आणि अशा १८१ जुड्या मिळून गर्भ होतो. प्रत्येक सळईभोंवतीं एक बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. तिच्यामुळें शेजारच्या सळया एकमेकींस चिकटत नाहींत व मधून वाहणारें सोडियम घुसळलें जातें. वडीच्या मध्यावर आरपार एक छिद्र असतें, मेदुवड्याच्या छिद्रासारखें म्हणावयास हरकत नाहीं, आणि त्याचें कारणहि बरेंचसें तेंच : मधला भाग सर्वांत जास्त तापतो, तो काढूनच टाकिला म्हणजे आंतील उष्णता हाताबाहेर जात नाहीं. गर्भाच्या कडेकडून न्यूट्रॉन निसटतात म्हणून तेथें आंच कमी पडते. ती भरून काढण्यासाठीं बाहेरच्या जुड्यांत प्लुटोनियमाचें प्रमाण शेंकडा २८ च्या सुमारास, आणि आंतल्यांत २१ च्या सुमारास ठेवितात. आणि या सर्वांच्या भोंवतीं, वर, खालीं, ओल्या सरपणाचें म्हणजे २३८ भाराच्या युरेनियमाचें वेष्टण. आजीच्या चुलीची रचना याहून वेगळी नव्हती.

या जुड्यांच्या तळाशीं सोडियम आंत शिरण्यासाठीं एकाच तोंडाऐवजीं बाजूबाजूनें अनेक छिद्रें असतात. त्यामागें एक गोष्ट आहे. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरानजीक फर्मी या नांवाच्या भट्टींत ५ ऑक्टोबर १९६६ रोजीं झिर्कोनियमाचा एक पत्रा तळाशीं सुटून वाहत आला व त्यानें जुड्यांचें तोंड बुजविलें. दोन जुड्यांतील इंधन कांहीं अंशीं वितळलें. दैवाचा खेळ असा कीं, पुढेंमागें इंधन वितळलेंच तर तें पसरून निरुपद्रवी व्हावें म्हणून तो पत्रा मागाहून खबरदारीखातर बसविलेला होता. तेव्हांपासून एका पत्र्यानें गुदमरेल असें तोंड जुडीस कोणी ठेवीत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न : नळींत भरावयाचें तें काय ? शुद्ध धातु, कीं त्याचें भस्म (म्हणजे प्राणवायूशीं संयोग झालेलें ऑक्साइड), कीं कर्बाशीं संयोग झालेलें कार्बाइड ? या निवडीवर उष्णता, निर्धोकपणा आणि सांठ्याची वाढ अशा तीनहि गोष्टी अवलंबून असतात. आणि जी वस्तु एका बाबतींत चांगली ती दुसऱ्या बाबतींत दगा देते.

प्रथम धातूच वापरीत. त्यांत परमाणु दाट बसतात, हलकें मूलद्रव्य मिसळलेलें नसल्यानें न्यूट्रॉनांचा वेग टिकतो, म्हणून नव्या इंधनाची प्राप्ति सर्वांत अधिक. परंतु धातूनें आरंभींच अपशकुन केला. १९५५ च्या नोव्हेंबरांत आयडाहोच्या त्याच पहिल्या भट्टींत मुद्दाम प्रवाह कमी करून परीक्षा चालली असतां सळया तापून आंतल्या बाजूस वांकल्या. इंधन इंधनाजवळ सरकलें, आंच वाढली, आंच वाढली म्हणून सळया आणखी वांकल्या, आणि गर्भाचा कांहीं भाग वितळला. सळया कशा धरून ठेवाव्या म्हणजे तापल्यावर त्या बाहेरच्या बाजूसच कलतील, हें शास्त्र तेथून पुढें निर्माण झालें. दुसरा दोष मुळांतच होता. परमाणु फुटला कीं त्याचे दोन तुकडे होतात, आणि दर चार विखंडनांमागें वायूचा सुमारें एक परमाणु निपजतो. तो वायु घन धातूंत कोंडून राहतो. धातु कणकेच्या गोळ्यासारखा फुगतो आणि भोंवतालची नळी फोडतो. पुष्कळ दिवस लोकांची समजूत अशी कीं धातु अधिक कणखर केला, त्याला फुगूंच दिलें नाहीं, म्हणजे झालें. ते सारे प्रयत्न फुकट गेले.

उपाय सांपडला तो आयडाहोंतीलच दुसऱ्या भट्टीवर. ती १९६४ पासून १९९४ पर्यंत चालली. त्या लोकांनीं धातूला आवरण्याचा नाद सोडला आणि नळींत धातूसाठीं जागा मोकळी ठेविली. पूर्वी नळीच्या पोकळीचा शेंकडा ८५ भाग इंधनानें भरलेला असे; तो ७५ वर आणिला, आणि मधल्या फटींत उष्णता वाहून नेण्यासाठीं थोडें सोडियम घातलें. आतां धातु फुगे, पण नळीला टेंकेपर्यंत त्याच्या आंतील बारीक बारीक पोकळ्या एकमेकींस मिळून जात आणि कोंडलेला वायु त्या वाटेनें निघून नळीच्या वरच्या रिकाम्या भागांत जमा होई. मग धातु नळीवर जोर करीत नसे. जी सळई पूर्वी थोड्याशा ज्वलनानंतर फुटत होती ती शेंकडा आठ-दहा परमाणु जळेपर्यंत सुखरूप राहूं लागली. परीक्षेच्या कांहीं सळया तर विसांच्या जवळपास पोंचल्या. चतुर्थांश जागा रिकामी ठेवणें एवढाच तो उपाय. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं सुना नांदविल्या आहेत त्यांना याचें नवल वाटूं नये, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत पडलें; तें जसेंच्या तसें येथें नमूद करतों.

परंतु हें रहस्य उलगडेपर्यंत जगानें ऑक्साइडाची कास धरली होती. पाण्याच्या भट्ट्यांतून तें नित्याच्या परिचयाचें झालें होतें. तें २७०० अंशांच्याहि वर वितळतें, सोडियमाशीं तंटा करीत नाहीं, फुगण्याच्या बाबतींत सोशिक. फ्रान्समधील फिनिक्स (१९७३ ते २००९) व त्यानंतरची १२०० मेगावॅटची सुपरफिनिक्स, रशियांत बेलोयार्स्क येथील दोन भट्ट्या, जपानची मोंजू, सर्वांनीं ऑक्साइडच घेतलें. त्यांपैकीं बेलोयार्स्कची ६०० मेगावॅटची भट्टी १९८० पासून चाललेली आहे. मात्र ती मुख्यतः समृद्ध युरेनियमावर चालविली गेली, प्लुटोनियम वाढविण्यासाठीं नव्हे. तिच्या शेजारच्या ८०० मेगावॅटच्या भट्टींत प्लुटोनियमयुक्त ऑक्साइडाचा संपूर्ण गर्भ भरला तो २०२२ सालीं. ऑक्साइडाचे दोष दोन. तें विटेसारखें उष्णतेचें मंद वाहक, म्हणून सळईच्या मध्याशीं दोन हजार अंशांपर्यंत ताप चढतो. आणि त्यांतील प्राणवायूचे परमाणु न्यूट्रॉनांना थोडेथोडे अडखळवितात, त्यामुळें परताव्यांतून कांहीं भाग कापला जातो.

निर्धोकपणाच्या दृष्टीनें पाहतां येथें एक गंमत आहे, आणि ती समजावयास मला सर्वांत अधिक वेळ लागला. २७०० अंश सोसणारें ऑक्साइड सुरक्षित, आणि ११०० अंशांच्या आसपास वितळणारा, शिवाय सातशेंच्या वर पोलादाशींच मिसळून पातळ होऊं लागणारा धातु धोक्याचा, असेंच कोणीहि म्हणेल. पण ३ एप्रिल १९८६ रोजीं आयडाहोच्या दुसऱ्या भट्टींत, ती पूर्ण शक्तीवर चालू असतां, सोडियम फिरविणारे पंप बंद केले आणि नियंत्रक दांडे खालीं सोडण्याची व्यवस्था मुद्दाम अडवून ठेविली. सोडियम तापलें, गर्भ प्रसरण पावला, त्या प्रसरणानें न्यूट्रॉन अधिक निसटूं लागले, आणि भट्टी कांहीं मिनिटांत आपोआप मंदावली. त्याच दिवशीं दुपारीं उष्णता बाहेर नेण्याची वाट बंद करून पुन्हां परीक्षा केली. पुन्हां तोच अनुभव. चर्नोबिलचा अनर्थ झाला तो यानंतर तीन आठवड्यांनीं, २६ एप्रिल रोजीं. त्या गदारोळांत या परीक्षेची वार्ता सामान्य माणसांच्या कानांवर फारशी आली नाहीं.

यांतील कारण असें. २३८ भाराचें युरेनियम जितकें अधिक तापलेलें तितके अधिक न्यूट्रॉन तें गिळतें. ऑक्साइडाच्या पोटांत फार उष्णता सांठलेली असते. भट्टी मंदावूं लागली कीं तें निवतें, निवलें कीं न्यूट्रॉन गिळणें कमी होतें, आणि ते सुटलेले न्यूट्रॉन आंच पुन्हां वर ढकलूं पाहतात. धातु उष्णतेचा उत्तम वाहक. त्याच्या पोटांत फारसें सांठलेलेंच नसतें, म्हणून हा उलट धक्का अल्प. जो पदार्थ अधिक ताप सोसतो तो भट्टी विझवितांना अधिक आडवा येतो. अर्थात् ती भट्टी अवघ्या वीस मेगावॅट विजेची होती हें विसरूं नये. गर्भ मोठा केला कीं दुसरें संकट उभें राहतें : मध्यभागीं सोडियम उकळून पोकळी झाली तर न्यूट्रॉनांचा उरलासुरला अडथळा जाऊन त्यांचा वेग, आणि त्याबरोबर आंच, वाढते. कडेला पोकळी झाली तर ते निसटून आंच घटते. म्हणून मोठा गर्भ उंच न करतां भाकरीसारखा पसरट करितात, कीं निसटावयास वाव मिळावा. रशियाच्या ८०० मेगावॅटच्या भट्टींत गर्भाच्या वरचें युरेनियमाचें वेष्टण काढून तेथें सोडियमाचाच थर ठेविला आहे तो याचसाठीं. परंतु निसटलेला प्रत्येक न्यूट्रॉन हा सरपण वाळविण्याच्या कामीं न आलेला न्यूट्रॉन. निर्धोकपणाची किंमत अशी त्याच थैलींतून द्यावी लागते.

पोलादाचेंहि एक दुखणें ओझरतें सांगितलें पाहिजे. स्कॉटलंडांत डूनरे येथील भट्टींतून काढलेल्या पोलादांत अतिसूक्ष्म पोकळ्या पडलेल्या आढळल्या, व ही गोष्ट १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें पोलादच फुगतें. त्यामुळें कित्येकदां जुडी बाहेर काढावी लागते ती तिच्यांतील सरपण संपलें म्हणून नव्हे, तर तिची पेटी फुगून वांकली म्हणून.

तिसरा पदार्थ कार्बाइड. त्याच्याशीं आपल्या देशाचा संबंध विशेष आहे. कल्पक्कम येथें फ्रान्सच्या रॅप्सोडी भट्टीच्या धर्तीवर एक लहान परीक्षण-भट्टी बांधण्याचें ठरलें, तेव्हां तिचें इंधन प्लुटोनियम व समृद्ध युरेनियम यांचें मिश्र ऑक्साइड असावयाचें होतें. १९७४ सालीं पोखरणचा स्फोट झाला आणि समृद्ध युरेनियम बाहेरून मिळण्याची आशा संपली. साधें युरेनियम घेऊन ऑक्साइडच करावें तर प्लुटोनियमाचें प्रमाण इतकें वाढवावें लागलें असतें कीं तें ऑक्साइड उष्णतेचें वाहक म्हणूनहि बिघडतें व सोडियमाशींहि नीट नांदत नाहीं. तेव्हां आपल्या शास्त्रज्ञांनीं शेंकडा ७० प्लुटोनियम कार्बाइड आणि ३० युरेनियम कार्बाइड असें मिश्रण निवडलें. सर्व गर्भ अशा मिश्रणाचा करून भट्टी चालविण्याचा अनुभव तोंवर जगांत कोणासच नव्हता. कार्बाइडाची पूड हवा लागतांच पेट घेते. म्हणून मुंबईस तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत उदासीन वायु भरलेल्या कांचेच्या बंद पेट्यांत, हातमोज्यांतून हात घालून, त्या वड्या घडविल्या गेल्या.

ती भट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजीं प्रथम स्वयंपोषी झाली. त्यानंतर जो क्रम त्यांनीं ठेविला तो मला फार आवडला. इंधनाच्या प्रत्येक टनामागें २५ हजार मेगावॅट-दिवस एवढीच उष्णता काढावयाची अशी मर्यादा आरंभीं घालून घेतली. मग जुडी काढावी, कापून तपासावी, निर्दोष दिसली कीं मर्यादा थोडी वाढवावी, असें करीत करीत ती १ लाख ६५ हजारांपर्यंत नेली, आणि तोंवर एकहि सळई फुटली नव्हती. वापरलेलें कार्बाइड विरघळवून त्यांतून प्लुटोनियम परत काढण्याचें कामहि कल्पक्कमलाच झालें. नडलेल्या माणसानें निवडलेली वाट होती ती. पण नड संपल्यावर तिची लाज वाटावी असें कांहीं घडलें नाहीं.

तरी ५०० मेगावॅटच्या भट्टीसाठीं कार्बाइड घेतलें नाहीं. पेट घेणारी पूड हजारों किलोंनीं हाताळणें व मागाहून तें शुद्ध करणें फार जिकिरीचें. तेथें जगाच्या अनुभवाचें ऑक्साइडच पत्करलें, आणि त्या सळया आमच्या महाराष्ट्रांत, पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें तयार होतात. बांधकाम २००४ सालीं सुरू झालें. गर्भांत जुड्या रचण्यास पंतप्रधानांसमक्ष आरंभ झाला तो २०२४ च्या मार्चांत.

आतां वाढीचा हिशेब. होमी भाभा यांनीं १९५४ सालीं मांडलेल्या योजनेचा सारा डोलारा या हिशेबावर आहे. आपल्याजवळ युरेनियम थोडें आणि केरळपासून ओडिशापर्यंतच्या किनाऱ्यांवर थोरियम उदंड. परंतु थोरियम हें तर अगदींच ओलें सरपण. तें वाळविण्यास आधीं पुष्कळ प्लुटोनियम जमा पाहिजे. म्हणून मुद्दल दुप्पट व्हावयास किती वर्षें लागतील हा खरा प्रश्न. आपल्याकडे दामदुप्पट हा शब्द सावकारींतला. येथें तोच चालवूं. एक मेगावॅट उष्णता दिवसभर मिळण्यास सुमारें एक ग्रॅम जड परमाणु जळतात. १२५० मेगावॅटची भट्टी वर्षांतून तीनशें दिवस चालली तर ३७५ किलो जळाले. ऑक्साइडाच्या या गर्भांत प्राप्तीचें प्रमाण १.०५ सांगतात, म्हणजे निव्वळ शिल्लक ठोकळमानानें १८-१९ किलो. मुद्दल जवळजवळ दोन टन. दामदुप्पट व्हावयास शंभर वर्षें ! तोंच गर्भ धातूचा करून प्रमाण १.३ पर्यंत नेलें तर शिल्लक ११० किलोंच्या वर, आणि दामदुप्पट अठरा-एकोणीस वर्षांत. शिवाय सर्व मुद्दल भट्टींत नसतें. वापरलेल्या जुड्या निवण्यांत, शुद्ध होण्यांत, पुन्हां घडविल्या जाण्यांत बराच ऐवज वाटेंत अडकून पडतो, आणि अडकलेल्या पैशाला व्याज नाहीं. हा माझा शाळामास्तरी हिशेब आहे. जाणत्यांचे आंकडे याहून सूक्ष्म असतील, परंतु दोन इंधनांमधील अंतर त्यानें पुसलें जाणार नाहीं.

यावरून कोणी म्हणेल, मग ऑक्साइडांत वीस वर्षें कां घालविलीं ? माझें मत तसें नाहीं. सोडियमाचा मोठा सांठा सांभाळणें, आंधळेपणानें जुड्या बदलणें, हजारों सळया एकसारख्या घडविणें, ही विद्या परिचित इंधनावर शिकणेंच शहाणपणाचें. अपरिचित इंधन आणि अपरिचित भट्टी ही जोडी एकदम घरांत आणूं नये. मात्र ऑक्साइडावरच थांबून थोरियमाचीं स्वप्नें रंगविणें म्हणजे शेंकडा एक व्याजानें पैसे ठेवून मुलीच्या लग्नाचा मुहूर्त पुढच्या वर्षीं धरण्यासारखें आहे. आणखी एक गोष्ट दडविणें योग्य नव्हे : वेष्टणांत तयार होणारें प्लुटोनियम हें अस्त्रास लागणाऱ्या जातीचें अत्यंत शुद्ध प्लुटोनियम असतें. तें किती निघालें व कोठें गेलें याचा चोख जमाखर्च ठेवणें हा या धंद्याचाच एक भाग समजला पाहिजे.

धातूच्या सळयांची परीक्षा कल्पक्कमच्या त्याच लहान भट्टींत, कार्बाइडाच्या जुड्यांशेजारीं ठेवून, सुरू झालेली आहे; त्यांतहि फट राखून सोडियम भरण्याची ती युक्ति आहे.

राहिला अर्धा गुण. वही माझ्याकडेच ठेवून घेतली होती. ती परत पाठवितांना जुना शेरा खोडून खालीं तारखेसह सही केली. पण वाक्य पुन्हां वाचून पाहतां एक उणीव राहिलीच आहे : ‘अधिक इंधन निर्माण करतात’ असें लिहिलें, तें कशांतून हें लिहिलें नाहीं. ‘शेजारच्या न जळणाऱ्या युरेनियमांतून’ एवढे शब्द पाहिजे होते. म्हणून पाव गुण परत दिला आहे, आणि पाव राखून ठेविला आहे. तिचें उत्तर अजून यावयाचें आहे.